शिक्षकाचे मनोबल आणि प्रशिक्षणवर्ग

आधीच्या प्रकरणांत शिक्षकाच्या मानसिक सामर्थ्याविषयी जे विवेचन आले, त्यातील उदाहरणे बहुतांशी परदेशांतील आहेत. ती वाचताना मराठी वाचकाच्या मनात एक शंका सहज येईल. जेथे वर्ग लहान आहेत आणि साधने मुबलक आहेत, तेथील अनुभव आपल्या दोन खोल्यांच्या, दोन शिक्षकी शाळेला कितपत लागू पडावेत? या शंकेस उत्तर देण्यासाठी मराठी आवृत्तीत हे पूरक प्रकरण जोडले आहे. त्यातील मुख्य उदाहरण नर्मदेच्या खोऱ्यातील आहे आणि ते सरकारी शाळांत, सरकारी पगारावर काम करणाऱ्या सामान्य शिक्षकांच्या हातून घडलेले आहे.

प्रस्तुत अनुवादिका जबलपूर शहराच्या गोरखपूर भागात राहते. (गोरखपूर म्हटले की उत्तर प्रदेशातील शहर आठवते, हे ते नव्हे.) येथून जवळच छोट्या लाईनचे हाऊबाग स्थानक होते. तेथून सुटणारी गाडी नैनपूर, बालाघाट करीत गोंदियास पोहोचे. २०१५ साली रुंदीकरणासाठी ही लाईन बंद झाली. मध्य प्रांत आणि वऱ्हाड मिळून एकच प्रांत होता आणि नागपूर त्याची राजधानी होती, त्या काळात अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी मराठी मंडळी जबलपूरच्या स्पेन्स ट्रेनिंग कॉलेजात येत. तेच पुढे प्रांतीय शिक्षण महाविद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. शैक्षणिक मानसशास्त्र आणि मार्गदर्शन या विषयाला वाहिलेले एक शासकीय महाविद्यालयही याच शहरात निघाले. शिक्षकाने मुलाचे मन जाणावे, हा विचार या गावाला अशा रीतीने फार जुना आहे. परंतु शिक्षकालाही मन असते आणि त्याचीही जोपासना करावी लागते, हा विचार येथे काय आणि महाराष्ट्रात काय, उशिरा आला.

येथील शिक्षकवर्गात एक वाक्प्रयोग नेहमी कानी पडतो. ट्रेनिंग ‘लागते’. निवडणुकीची ड्यूटी लागते, जनगणनेची ड्यूटी लागते, तशीच ही. मराठी शिक्षकही ‘मला ट्रेनिंग लागले’ असेच म्हणतो. मराठीत ठेचही लागतेच. शिकणे ही ज्यांची वृत्ती असावी, त्यांनाच शिकण्याची संधी एखाद्या सक्तीच्या कामासारखी का वाटावी? या प्रश्नाचा उलगडा झाल्याशिवाय प्रशिक्षणातून मनोबल कसे वाढवावे, हा प्रश्न सुटणार नाही.

प्रथम शब्दांचा विचार करू. फ्रेड लुथन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘मानसशास्त्रीय भांडवल’ अशा अर्थाच्या नावाने एक ग्रंथ प्रसिद्ध केला. माणसाच्या कामाला बळ देणारे चार गुण त्यांनी त्यात एकत्र मांडले : आशा, आपल्या क्षमतेवरील विश्वास, पडल्यावर पुन्हा उठण्याची शक्ती आणि आशावाद. तिसऱ्या गुणासाठी मराठीत ‘उभारी’ हा अत्यंत समर्पक शब्द आहे आणि तोच येथे वापरला आहे. दुसऱ्या गुणाने मात्र अनुवादाच्या कामी बराच त्रास दिला. ‘कार्यक्षमता’ हा शब्द कचेऱ्यांनी केव्हाच बळकावला आहे. ‘आत्मविश्वास’ हा शब्द फार सैल आहे. शंभर माणसांपुढे निःसंकोच भजन म्हणणारे गुरुजी अपूर्णांकांचा पाठ आला की चाचरतात. त्यांच्याजवळ आत्मविश्वास नाही असे कसे म्हणावे? त्यांच्याजवळ नाही तो ‘हे अमुक काम मला जमेल’ हा नेमका विश्वास. येथे त्याला ‘कर्तृत्वविश्वास’ म्हटले आहे. याहून चांगला शब्द एखाद्या वाचकाला सुचल्यास त्याचे स्वागतच होईल.

ही कल्पना अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये सविस्तर मांडली. त्यांच्या मते हा विश्वास चार वाटांनी येतो. सर्वांत बळकट वाट म्हणजे स्वतः काम करून पाहणे आणि ते साधणे. दुसरी, आपल्यासारख्याच माणसाला ते साधताना पाहणे. तिसरी, ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा माणसाने दिलेला धीर. चौथी, आपल्या शरीराची आणि मनाची त्या वेळची अवस्था. छातीत धडधड होत असेल तर माणूस त्यावरूनच ‘हे मला जमणार नाही’ असे अनुमान काढतो. आता आपल्याकडील नेहमीचा प्रशिक्षणवर्ग डोळ्यांपुढे आणावा. त्यात या चारांपैकी काय असते? बहुतेक वेळा फक्त तिसरी वाट, म्हणजे भाषण. आणि तेही वर्गात पुन्हा कधी भेटण्याचा संभव नसलेल्या पाहुण्याचे. चारही वाटांत ही तुलनेने दुबळी. उपदेशाने आलेले अवसान पहिल्याच अपयशाबरोबर ओसरते.

शिक्षकाच्या या विश्वासाचा विद्यार्थ्यांशी काय संबंध आहे, हे पाहण्याचा एक आरंभीचा प्रयत्न लॉस एंजेलिसच्या शाळांतील वाचनशिक्षणाच्या अभ्यासात झाला. रँड या संस्थेने तो १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षकांपुढे दोनच विधाने ठेवली होती. मुलाची प्रगती त्याच्या घरच्या परिस्थितीवरच अवलंबून असल्यामुळे शिक्षक फारसे काही करू शकत नाही, असा एकाचा आशय. मनापासून प्रयत्न केल्यास अत्यंत अवघड मुलापर्यंतही पोहोचता येते, असा दुसऱ्याचा. शिक्षकांनी दिलेली उत्तरे आणि मुलांची वाचनातील प्रगती यांचा संबंध आढळला. पहिले विधान आपल्याही शाळांच्या व्हरांड्यात रोज ऐकू येते : पोरे मजुरांची, घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, आम्ही काय करणार? हे वाक्य खोटे असते असे नाही. पण ते पुन:पुन्हा उच्चारणाऱ्या शिक्षकाचे हात हळूहळू आखडत जातात.

मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितले जातात. काही केले तरी विजेचा धक्का टळत नाही, असा अनुभव ज्या कुत्र्यांना आला, त्यांतील पुष्कळांनी पुढे सुटका शक्य असतानाही प्रयत्न केला नाही. ही असहायता शिकलेली असते, असा त्या वेळचा निष्कर्ष होता. मात्र २०१६ मध्ये याच दोघांनी मेंदूविषयीच्या नव्या संशोधनाच्या आधारे तो जवळजवळ उलटा केला. दीर्घकाळ संकट आले असता निष्क्रिय होणे ही प्राण्याची मूळ प्रतिक्रियाच असते. शिकावे लागते ते ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ हे. शिक्षक-प्रशिक्षणाच्या दृष्टीने हा बदल अतिशय महत्त्वाचा आहे. निराश शिक्षकाला कोणी बिघडवले, याचा शोध घेत बसण्यापेक्षा, त्याच्या करण्याने फरक पडला असा अनुभव त्याला नोकरीत कधी मिळाला काय, हे विचारणे अधिक उपयोगाचे ठरते.

तसा अनुभव हेतुपूर्वक देणारा एक उपक्रम जबलपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या आसपास तीस वर्षे चालला. गाडी नरसिंहपूर, गाडरवारा मागे टाकून बनखेडी, पिपरियाकडे जाऊ लागली की तो टापू सुरू होतो. होशंगाबाद जिल्ह्यात (आजचा नर्मदापुरम) १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी शासनाच्या संमतीने सोळा माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, प्रयोगांतून विज्ञान शिकविण्यास आरंभ केला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचे आणि लवकरच दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापकांचे साहाय्य त्यास लाभले. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत, दोनशेहून अधिक ठिकाणी, नेण्यात आला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने तो पुढे सांभाळला आणि इतर काही जिल्ह्यांतही पसरविला. २००२ मध्ये राज्य शासनाने तो बंद केला.

या कार्यक्रमाची चर्चा बहुधा विज्ञानशिक्षणाच्या अंगाने होते. आपल्याला त्यातील शिक्षकाकडे पाहावयाचे आहे. त्याच्या हाती ‘बाल वैज्ञानिक’ नावाची पुस्तके दिली होती आणि त्यांत व्याख्या आणि तयार उत्तरे जवळजवळ नव्हतीच. मुलांनी चौघाचौघांच्या टोळ्या करून प्रयोग करावयाचे, नोंदी ठेवावयाच्या, त्यांवरून स्वतः निष्कर्ष काढावयाचे. ज्या शिक्षकाचा सारा अधिकार ‘उत्तर मला ठाऊक आहे’ यावर उभा, त्याच्या पायाखालची जमीनच यामुळे सरकली. ‘संयोग आणि संभाव्यता’ या पाठाचेच उदाहरण घ्या. मुले नाणे उडवितात आणि छापा किती वेळा, काटा किती वेळा, हे मांडतात. प्रत्येक टोळीचे आकडे वेगळे. मग बरोबर कोणाचे? फळ्यावर सर्वांची बेरीज मांडीपर्यंत शिक्षकाजवळ सांगण्यासारखे काही नसते. आणि बेरीज मांडल्यावर जे दिसते ते त्याने पढविलेले नसते. एवढा वेळ गप्प राहण्यास धैर्य लागते. हे धैर्य कोठून यावे?

ते उन्हाळ्यात यावे अशी व्यवस्था होती. प्रत्येक इयत्तेसाठी सुमारे तीन आठवड्यांचे शिबिर, असे तीन उन्हाळे. त्यात शिक्षकांना विद्यार्थ्यांप्रमाणेच चौघांच्या टोळीत बसावे लागे. तेच प्रयोग, तीच वही, त्याच चुका. समोर उभा असलेला प्राध्यापकही एखाद्या प्रश्नावर ‘मला ठाऊक नाही, करून पाहू’ असे म्हणे. बाहेरच्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याने आयुष्यभर अज्ञान लपविण्यात शक्ती खर्च केली आहे, त्याला एका विद्वानाच्या तोंडून हे शब्द ऐकल्यावर काय वाटत असेल याची कल्पना करावी. अज्ञान कबूल केल्याने मान जात नाही, ही गोष्ट भाषणाने शिकविता येत नाही. ती पाहावी लागते. बांडुरांची दुसरी वाट ती हीच.

शिबिर संपले की काम संपले, असेही नव्हते. दर महिन्याला शिक्षक एका केंद्रावर जमत. कोणता प्रयोग फसला, कोणत्या प्रश्नावर मुले अडली, पेटीतील कोणते सामान संपले, यावर बोलणे होई आणि पुढच्या पाठांची तयारी होई. मधल्या काळात कोणी तरी शाळेत येऊन वर्ग पाहून जाई. तपासणीसाठी नव्हे, सोबतीसाठी. ‘सवालीराम’ या काल्पनिक मित्राला मुले पत्रे लिहीत, आणि त्यांना उत्तरे जात. ‘सवालीरामला विचारू या’ ही सोय मुलांना जितकी उपयोगी, तितकीच उत्तर न सुचलेल्या शिक्षकाला. वर्गांतून आलेल्या सूचनांवरून पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या बदलल्या गेल्या. आपण सांगितलेली अडचण पुढील आवृत्तीत दूर झालेली छापील पाहणे, याहून मोठा ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ असा पुरावा खेड्यातील शिक्षकाला दुसरा कोणता मिळणार? आणि यांतीलच काही शिक्षक पुढे इतरांचे प्रशिक्षक झाले.

अर्थात सर्वच शिक्षक बदलले असे मानणे भाबडेपणाचे होईल. बदल्या होत, मासिक बैठकांचा उत्साह सर्वत्र सारखा टिकत नसे, आणि तीन उन्हाळे घालविल्यावरही जुन्या पद्धतीने टिपणे लिहून देणारे होतेच. मनोबल ही लस नव्हे, की एकदा टोचली आणि काम झाले. तथापि जेथे ते टिकले तेथे ते बैठकीच्या आधाराने टिकले, असे माझे मत झाले आहे.

महाराष्ट्रात याच्या कितीतरी आधी एका वेगळ्या पातळीवर असे काम झाले होते. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, असे रडगाणे न गाता शाळाच मुलांकडे गेली : अंगणात, आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणात. बालशिक्षिका म्हणून कमी शिकलेल्या स्त्रियांनाही तयार करण्यात आले. त्यांचे प्रशिक्षण मुख्यतः चालत्या बालवाडीत, हाताखाली काम करून होई. अनुताई स्वतः बालविधवा आणि नोकरी करीत शिकलेल्या; उभारी या शब्दाचा अर्थ त्यांना कोशात पाहावा लागला नसेल.

येथे एक धोक्याची सूचना देणे आवश्यक आहे. अलीकडे प्रशिक्षणवर्गांत ‘ताणमुक्ती’चे तास येऊ लागले आहेत. अशाच एका तासाला मी श्रोता म्हणून बसले होते. वक्त्याने डोळे मिटावयास सांगितले, दीर्घ श्वास घेववला, चांगल्या गोष्टींचे चिंतन करावयास सांगितले. शिक्षक मंडळी शांत झाली हे खरे. मध्यंतरात एकेकाच्या फोनवर संदेश येऊन पोहोचला : अमुक माहिती उद्या सकाळपर्यंत तक्त्यात भरून पाठवावी. श्वासाचा लाभ चहा निवण्याच्या आत संपला. श्वसनाभ्यासाची थट्टा करण्याचा हेतू नाही. बांडुरांची चौथी वाट तीच आहे आणि तिचा उपयोग होतो. परंतु जो ताण कामाच्या रचनेतून येतो त्याचा इलाज शिक्षकाच्या नाकपुड्यांत शोधणे हे अन्यायाचे आहे.

हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये सेवाभावी कार्यकर्त्यांच्या ‘बर्नआउट’विषयी, म्हणजे आतून विझत जाण्याविषयी, लिहिले. क्रिस्टिना मास्लाक यांनी १९८१ मध्ये ते मोजण्याचे साधन दिले. त्यांनी तीन लक्षणे सांगितली : भावनिक शिणवटा, माणसांविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. मास्लाक यांचे पुढील प्रतिपादन असे, की हे विझणे व्यक्तीच्या दुबळेपणातून येत नाही. कामाचा बोजा, कामावरील ताबा, मोबदला, सहकाऱ्यांचा संघ, न्याय आणि मूल्ये यांत माणूस आणि काम यांचा मेळ बसत नाही, तेथे ते येते. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढी कामे वगळता शिक्षकाला अशैक्षणिक कामास लावू नये, असे म्हटले आहे. शिक्षकांचे मनोबल वाढविण्याचा कार्यक्रम आखणाऱ्याने हे कलम आपल्या टेबलावर ठेवावे. विझू पाहणाऱ्या दिव्याला ‘तेजाने जळ’ असे सांगण्याआधी त्यात तेल आहे काय, हे पाहण्याची रीत आपल्या घराघरांत आहे.

पाहून शिकण्याचा एक ताजा दाखला सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचा. जिल्हा परिषदेच्या या साध्या शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने चाललेले वर्ग पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक तेथे गेले. जून २०१५ मध्ये शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम जाहीर केला तेव्हा या भेटींना जोर आला. काहींनी केवळ फरशीवरची रंगीत आखणी उचलली, हेही खरे. परंतु आपल्यासारखीच शाळा, आपल्याइतकाच पगार आणि तशीच मुले पाहिल्यावर ‘आमच्याकडे हे शक्य नाही’ हे वाक्य निदान पूर्वीइतक्या सहजपणे तोंडातून निघत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान पन्नास तासांचे व्यावसायिक शिक्षण मिळावे असे सुचविले आहे. हे पन्नास तास सलग आठ दिवसांच्या वर्गात उरकता येतील, किंवा पडद्यासमोर बसून प्रमाणपत्र छापून घेता येईल. शाळेचे दहा महिने धरले तर ते दरमहा पाच तासही होतात. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात हेच दाखवून दिले होते, की व्याख्यान आणि प्रात्यक्षिक यांतून शिकलेले कौशल्य वर्गात उतरावयाचे असेल तर सहकाऱ्याची चालू सोबत लागते. महाराष्ट्रात केंद्र पातळीवरील शिक्षण परिषद आहे, मध्य प्रदेशात जनशिक्षा केंद्र आहे. नवीन इमारत बांधावयाची नाही. असलेल्या बैठकीतून परिपत्रकांचे वाचन काढून ते लेखी वाटून टाकावयाचे आहे.

अशा पहिल्या बैठकीचा आराखडा पुढीलप्रमाणे असू शकेल. दहा-बारा शिक्षक, गोल बैठक, अधिकाऱ्याची खुर्चीही त्याच गोलात. प्रत्येकाने गेल्या महिन्यात फसलेला एक पाठ घेऊन यावयाचे. यशाच्या कथा पहिल्या बैठकीत नकोत, कारण त्या ऐकून शेजारचा गप्प होतो. सुरुवात सर्वांत ज्येष्ठ शिक्षकाने करावी. तो सांगेल की भागाकार शिकविताना चौथीची अर्धी मुले हरवली. कोणी लगेच उपाय सांगू नये. आधी विचारावे : मुलांनी नेमके काय लिहिले? त्यांच्या वह्या आणल्या आहेत का? वह्या मध्ये ठेवाव्यात आणि चुका सर्वांनी मिळून वाचाव्यात. त्यांतून एक लहानशी युक्ती निघेल, ती दोघांनी आपापल्या वर्गात करून पाहावयाची, आणि पुढच्या महिन्याची तारीख त्याच दिवशी, सर्वांच्या देखत, फळ्यावर लिहावयाची.